टावी, वॉरफरिन आणि मेथीची भाजी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांब आहे, रागावून लिहिलेली आहे आणि तिच्यातला एक मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं दिसलं नसतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. संधिवाताच्या तापाने (घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा, हृदयाच्या झडपा बिघडवणारा ताप) मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, अरुंद झालेल्या तरुण रुग्णाला बलून (नळीतून फुगा नेऊन झडप मोकळी करणं) जमत नसेल तर धातूची झडप, असं आम्ही मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमच्या वहिनी ३४ वर्षांच्या, झडप अशीच अरुंद, ठोके अनियमित, आणि रक्त सहज गोठू न देणारं वॉरफरिन आधीच चालू. टावी (छाती न उघडता नळीतून नवी झडप बसवणं) असताना छाती उघडायला सांगणं जुनाट आहे, नव्या गोळ्या आल्या तरी आम्ही वॉरफरिनलाच चिकटून आहोत, पालेभाजी बंद करायला सांगणं अडाणीपणाचं आहे, आणि एकाच दिवशी दोन लॅबमध्ये आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो हे दाखवणारा आकडा) २.५ आणि ३.३ आला म्हणजे ती तपासणीच थोतांड, असं तुमचं म्हणणं.

पालेभाजीपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक आमची. ‘हिरव्या पालेभाज्या टाळा’ हे वाक्य लेखातून आजच काढलं. वॉरफरिन काय किंवा त्याच्याच जातीचं ॲसिट्रॉम काय, ही औषधं व्हिटॅमिन के च्या विरुद्ध काम करतात आणि मेथी, पालक, कोथिंबिरीत ते भरपूर असतं, इथपर्यंत ठीक. पण गोळीचा डोस रोजच्या जेवणाला जुळवूनच ठरतो. आठवड्यात तीनदा पालेभाजी होत असेल तर तीनदाच होऊ द्या. घोटाळा होतो तो मेथी स्वस्त झाली म्हणून महिनाभर रोज मेथी खाल्ल्यावर, तेव्हा आयएनआर उतरतो. किंवा नऊ दिवस उपास करून पालेभाजी अजिबात बंद झाल्यावर, तेव्हा तो चढतो. भाजीपेक्षा जास्त गोंधळ औषधं घालतात, आणि त्यावर आम्ही लेखात एक ओळही लिहिली नव्हती. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोट्रायमोक्साझोल, नायट्यासाठी फ्लुकोनाझोल, या तिन्हींनी आयएनआर झपाट्याने चढतो. क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनने इतका उतरतो की डोस कितीतरी वाढवावा लागतो. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती.

आता टावी. फ्रान्समधल्या रूआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी २००२ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा माणसावर केली, ती महाधमनीच्या झडपेसाठी. उतारवयात त्या झडपेवर कॅल्शियमचा कडक थर बसतो आणि जाळीत शिवलेली नवी झडप त्या कडकपणालाच पकडून उभी राहते. वहिनींची बिघडलेली झडप मायट्रल. तिचं तोंड मोठं, लांबट आणि मऊ. तिथे जाळी घट्ट बसत नाही आणि शेजारचीच, रक्त बाहेर नेणारी वाट अडवू शकते. शिवाय टावीची झडपही प्राण्याच्या ऊतीचीच, म्हणजे चौतिशीत बसवली तरी ती किती वर्षं चालेल हा प्रश्न राहतोच.

छाती न उघडता मायट्रल मोकळी करायची पद्धत मात्र आहे. जपानच्या कांजी इनौए यांनी ती १९८४ साली प्रसिद्ध केली आणि आपल्याकडे ती रोजची झाली आहे. जांघेतल्या शिरेतून नळी उजव्या कप्प्यात, मधला पडदा टोचून डाव्या कप्प्यात आणि तिथून झडपेत. फुगा आधी पुढून फुगतो, मग मागून, त्यामुळे तो झडपेत अडकून बसतो, आणि शेवटी कंबर फुगली की चिकटलेल्या पाकळ्यांचे सांधे उकलतात. फुग्याचं माप उंचीवरून काढतात: सेंटिमीटरमधल्या उंचीला १० ने भागून १० मिळवायचे. १५० सेंमी उंचीला २५ मिमी.

मग वहिनींना हे का नाही? उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलेल्या इकोच्या आकड्यांत आहे. क्षेत्रफळ ०.९ चौरस सेंमी (निरोगी झडपेचं ४ ते ६ असतं), विल्किन्स गुण (झडप किती जाड आणि कडक झाली याचे) १६ पैकी ११, आणि ‘मध्यम गळती’. गुण ८ पर्यंत असले तर बलून छान साधतं. पण अकरापेक्षाही अडचण आहे ती गळतीची. आधीच गळणाऱ्या झडपेत फुगा फुगवला की पाकळी सांध्यात न उकलता मधेच फाटू शकते, आणि मग तातडीने छाती उघडायची वेळ येते. डाव्या कप्प्यात रक्ताची गुठळी दिसली तरी बलून थांबवतात. म्हणून आधी अन्ननलिकेतून इको करतात.

उरते शस्त्रक्रिया. झडप दुरुस्त होईल का, हे सर्जनला आधी जरूर विचारा, पण अशा जाड झालेल्या झडपेत ते कमीच जमतं. बदलायचीच तर ऊतीची झडप साधारण १० ते १५ वर्षं चालते, आणि तरुण शरीरात ती लवकर झिजते. म्हणजे पन्नाशीच्या आत दुसरं ऑपरेशन जवळजवळ ठरलेलं. धातूची झडप सहसा आयुष्यभर टिकते, पण वॉरफरिन कायमचं. (‘धातूची’ हे बोलण्यातलं; बहुतेकींच्या पाकळ्या कार्बनच्या असतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेल्या, १९९० साली पहिल्यांदा बसवलेल्या झडपेची चकती तर प्लास्टिकची आहे.) एका गोष्टीने हा हिशोब उलटतो, ती म्हणजे मूल हवं असणं. गरोदरपणात ६ ते १२ आठवड्यांत वॉरफरिन बाळाला बाधू शकतं. वहिनींचा विचार काय आहे हे प्रतिक्रियेत कुठेच नाही, आणि झडप निवडण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न तोच.

नव्या गोळ्यांचं म्हणाल तर त्या वापरून पाहिल्या गेल्यात. धातूच्या झडपेवर डॅबिगट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मधेच थांबवली. निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. संधिवाती झडप आणि अनियमित ठोके, म्हणजे वहिनींची आजची स्थिती, यांच्यावर रिव्हारॉक्सॅबानची मोठी चाचणी २०२२ मध्ये आली. तीत वॉरफरिनसारख्या जुन्या औषधांवरच कमी माणसं दगावली.

आता ते २.५ आणि ३.३. समजा रक्त गोठायला ३० सेकंद लागली आणि निरोगी माणसांची सरासरी १२ आहे. गुणोत्तर २.५. लॅबच्या रसायनाचा आयएसआय (ते रसायन किती संवेदनशील आहे हे सांगणारा आकडा) १.० असेल तर आयएनआर २.५. तोच १.३ धरला तर २.५ चा १.३ वा घात, म्हणजे ३.३! रसायनाची नवी बाटली उघडली आणि यंत्रात जुनीचाच आयएसआय राहिला की हे घडतं. दुसरं कारण आणखी साधं: फिक्या निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत न भरणं. तिच्यात रक्ताचे ९ भाग आणि सायट्रेटचा (रक्त गोठू न देणाऱ्या द्रवाचा) १ भाग असं माप असतं. नळी अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं, रक्त उशिरा गोठतं आणि आकडा खोटाच चढतो. रक्त काढताना नळीकडे बघायला संकोच नको. लॅब एकच ठेवा. वहिनींची आजची कक्षा २ ते ३ आहे. एरवी स्थिर असणारा आकडा एकदाच ३.३ आला तर डोस न बदलता आठवडा-दोन आठवड्यांत पुन्हा तपासतात. मायट्रल जागी धातूची झडप बसली की कक्षा २.५ ते ३.५ होईल.

त्या झडपेचा ‘टिक टिक’ आवाज शांत खोलीत ऐकू येतो. तो अचानक दबला आणि धाप लागली तर झडप गुठळीने अडकली असण्याची शक्यता असते. बहुतेकदा मागे चुकलेल्या गोळ्या निघतात. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता थेट कार्डिॲक इमर्जन्सी.

तुमचा शेवटचा प्रश्न, संधिवाताचा ताप उलटू नये म्हणून चालू असलेली पेनिसिलिनची इंजेक्शनं ऑपरेशननंतर तरी थांबतील ना? नाही. झडप बदलते, पण घशाला पुन्हा जंतू लागून ताप उलटण्याचा धोका तसाच राहतो, आणि बाकीच्या झडपा मूळच्याच असतात. शेवटच्या तापापासून १० वर्षं किंवा वयाची चाळिशी, यांतलं जे उशिरा येईल तोवर किमान. बेंझाथिन पेनिसिलिन १२ लाख युनिट, खोल स्नायूत. वॉरफरिन चालू असल्याने टोचण्याआधी आयएनआर कक्षेत असल्याची खात्री करून घ्या आणि नंतर जागा दाबून धरा. नाहीतर डॉक्टर रोजच्या दोन वेळच्या पेनिसिलिन गोळ्यांवर नेऊ शकतात. इंजेक्शनच चालू ठेवलंत तर अंतर २१ दिवसांचं, म्हणजे वार दर वेळी तोच येतो. आज सोमवार असेल तर पुढचे दोन सोमवार सोडून तिसरा.