बाबांचा खराटा तेवढा ठेवला

काल २० डिसेंबर, गाडगेबाबांची पुण्यतिथी. सकाळी सातलाच भोंगा सुरू, "गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला". पारासमोर वीस-पंचवीस नवे कोरे खराटे. जागा आधीच लख्ख होती, तरी झाडून झाली, फोटो झाले. पारामागची नाली मात्र नेहमीच्याच दोघांनी काढली. ते फोटोत नाहीत.

दुपारी महाप्रसाद. तेच दोघे शेवटच्या पंगतीत, कडेला. तिथे बसा असं कोणी म्हटलं नाही. म्हणायची गरजच उरली नाही. मीही वाढत होतो. भाजी वाढली अन् पुढे सरकलो.

गाडगेबाबा म्हटलं की आपल्याला खराटा आठवतो. सरकारनेही त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, चांगलंच केलं. पण शेंडगावच्या परटाच्या घरचा डेबूजी १९०५ मध्ये घर सोडून निघाला, तो काय फक्त नाल्या काढायला? दिवसा गाव झाडायचं अन् रात्री कीर्तनात माणसांची डोकी, असा बाबांचा हिशोब. आपण दिवस ठेवला, रात्र टाकून दिली.

आमचे आबाजी म्हणत, बाबा सांगायचे कमी, विचारायचे जास्त. जाती किती? लोक एकेक नाव घेत. बाबांच्या लेखी दोनच, बाई अन् पुरुष. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्याला पाठ टेकायला जागा मिळत नव्हती, तर बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. धर्मशाळा बांधणारा हा माणूस स्वतः मात्र मागून आणलेली भाकर गाडग्यात खायचा. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. चौदाच दिवसांनी वलगावजवळ, पेढी नदीपाशी, बाबाही गेले.

(आणखी एक, कोणाला राग आला तर येऊ द्या. आमच्याकडे जयंतीची वर्गणी एकाच समाजाच्या घरांतून फिरते. बाकीचे म्हणतात, "तो त्यायचा कार्यक्रम हाय." ज्यानं शिष्य केला नाही की मठाची गादी मांडली नाही, त्याची जात तेवढी आम्ही बरोबर शोधून काढली!)

रात्री मंडळाच्या पोरांना म्हटलं, २३ फेब्रुवारीला जयंती आहे, त्या दोघांना पहिल्या पंगतीत बसवू अन् नाली आपण काढू. एकजण म्हणाला, "भाऊ, त्यायलेच अवघडल्यासारखं होईन ना." विचारलं का त्यांना? कोणी बोललं नाही.

मग मीच गेलो एकाच्या घरी. तो ओट्यावर बसला होता. माझं सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिला, अन् म्हणाला, "भाऊ, भाजी मस्त झाली होती आज."