कॅन्सरची बातमी वाचताना पेशंटची फाइल शेजारी ठेवा

घरात कॅन्सरचा पेशंट असला की व्हॉट्सअ‍ॅपवर बातम्यांची रीघ लागते. पाठवणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण मथळ्यात नुसतं 'कॅन्सर' लिहिलेलं असतं आणि कुठला, कोणत्या स्टेजचा, कुठल्या प्रकारच्या गाठीचा, हे सगळं गाळलेलं असतं. बातमी खरी की खोटी, हे नंतर बघू. आधी ती आपल्या पेशंटची आहे का ते पाहा, आणि ते कळतं बायोप्सीच्या रिपोर्टवरून.

जून २०२२ मधली डोस्टारलिमॅब या औषधाची बातमी आठवत असेल. 'इतिहासात पहिल्यांदाच औषधाने कॅन्सर गायब' असं सगळीकडे झळकलं होतं. बातमी खरीच होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये १२ पेशंटना दर ३ आठवड्यांनी एक डोस, असं ६ महिने हे औषध दिलं आणि बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही. पण हे सगळे गुदाशयाच्या कॅन्सरचे पेशंट होते. आजार दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजचा, म्हणजे लिव्हर-फुप्फुसांत न पसरलेला. आणि प्रत्येकाच्या गाठीत 'मिसमॅच रिपेअर' ही डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली होती. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असा बिघाड १०० पैकी साधारण ५ ते १० जणांत सापडतो. पुढे पेशंटची संख्या वाढली तरी निकाल टिकला, ही फार आनंदाची गोष्ट आहे. अट मात्र तीच राहिली.

आता फाइल उघडा. आयएचसीच्या, म्हणजे बायोप्सीच्या तुकड्यावर रंग चढवून केलेल्या तपासणीच्या रिपोर्टवर या यंत्रणेतल्या चार प्रथिनांची नावं शोधा: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. चारही नावांपुढे 'रिटेन्ड' किंवा 'इंटॅक्ट' असेल तर यंत्रणा शाबूत आहे आणि ही बातमी तुमच्या पेशंटची नाही. एखाद्यापुढे 'लॉस' लिहिलं असेल तर पुढच्या ओपीडीत हा विषय जरूर काढा. ही नावंच नसतील तर तपासणी करायला हवी का, ते विचारा. बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो. बहुतेक वेळा त्यावरच ही तपासणी होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

स्तनाच्या कॅन्सरच्या बातमीत हेच काम ईआर, पीआर आणि हर-टू ही गाठीच्या पेशींवर तपासल्या जाणाऱ्या प्रथिनांची तीन नावं करतात. पेशंटच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देणाऱ्या कार-टी थेरपीचं तसंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेली, आयआयटी मुंबईत जन्मलेली नेक्सकार१९ ही थेरपी बी-सेल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. तोंडाच्या गाठीसाठी ती मागत फिरण्यात पेशंटचा मोलाचा वेळ जातो.

प्रकार जुळला तर पुढचं पाहा: प्रयोग कोणावर झाला? फेब्रुवारी २०२४ मध्ये 'टाटाची १०० रुपयांची गोळी' घराघरांत पोचली. रेस्व्हेराट्रॉल (द्राक्षांत सापडणारा एक पदार्थ) आणि तांबं यांची ती गोळी कॅन्सर पुन्हा होण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी करेल, असं सांगितलं गेलं. ज्यांच्या घरात ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यांना हा आकडा किती मोठा वाटला असेल! पण कॅन्सर पसरण्याबद्दलची निरीक्षणं मानवी कॅन्सरपेशी सोडलेल्या उंदरांवरची होती. बातमीच्या पोटात आणखी एक खूण होती. गोळीला मंजुरी हवी होती एफएसएसएआयची, म्हणजे अन्नपदार्थांवर देखरेख करणाऱ्या संस्थेची. कॅन्सरच्या नव्या औषधाला परवानगी सीडीएससीओ, म्हणजे औषधांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था, देते. बातमीत मंजुरी कोणाची आहे, एवढं पाहिलं तरी बराच उलगडा होतो.

माणसांवर प्रयोग झाला असेल तर नेमकं काय मोजलं? इथे सुशिक्षित माणसंही फसतात. 'गाठ आक्रसली' याचा अर्थ आयुष्य वाढलं असा होत नाही. स्कॅनवर मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्क्यांनी घटली की 'पार्शल रिस्पॉन्स', म्हणजे अंशतः प्रतिसाद, लिहितात. 'प्रोग्रेशन फ्री सर्व्हायव्हल' म्हणजे आजार पुन्हा वाढेपर्यंतचा किंवा मृत्यूपर्यंतचा काळ, यातलं जे आधी घडेल ते. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये केमोला अ‍ॅव्हास्टिनची जोड दिल्यावर हा काळ पहिल्या चाचणीत साडेपाच महिन्यांच्या आसपास वाढला आणि २००८ मध्ये अमेरिकेत औषधाला घाईची मंजुरी मिळाली. पुढच्या चाचण्यांत तो फायदा कमी भरला, आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, गंभीर दुष्परिणाम मात्र दिसले, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठीची ती मंजुरी काढून घेतली गेली. म्हणून बातमीत 'ओव्हरऑल सर्व्हायव्हल', म्हणजे पेशंट एकूण किती काळ जगले, हे शब्द शोधा. नसतील तर डॉक्टरांना तेवढंच विचारा.

टक्केवारीचंही तसंच. 'धोका १८ टक्क्यांनी वाढतो' हे २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल छापून आलं. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांबद्दलचा आणि आतड्याच्या कॅन्सरचा तो आकडा होता. ब्रिटनसारख्या देशात मुळात १०० पैकी ६ जणांना तो कॅन्सर होत असेल तर रोज तेवढं मांस खाणाऱ्यांत साधारण ७ जणांना होईल, एवढा त्याचा अर्थ. टक्के दिसले की विचारायचं, कितीवरून किती?

घरगुती उपायांच्या बातम्या सगळ्यात जास्त नुकसान करतात, कारण त्या स्वस्त आणि आपल्या वाटतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नी बरी झाल्याचं सांगताना हळद, कडुनिंब, लिंबूपाणी यांचा उल्लेख केला. तेवढाच भाग फिरला. पत्नीचं ऑपरेशन झालं होतं, केमो झाली होती, हे मागे पडलं. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांना सह्यांचं पत्रक काढून उपचार थांबवू नका, असं सांगावं लागलं. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' हेही खरं नाही. गुळवेल घेणाऱ्या काहींच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं आहे. केमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच निचरा होतात. एलएफटी, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीतले आकडे, वाढले की केमोची पुढची सायकल लांबते. काढा, चूर्ण, कॅप्सूल जे काही सुरू असेल ते डब्यासकट ओपीडीत न्या. आणि कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात दिसली तर तशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे लक्षात ठेवा.

'भारतात चाचणी सुरू' अशी बातमी आली तर सीटीआरआय ही चाचण्यांची सरकारी नोंदवही ऑनलाइन उघडा, फुकट आहे. औषधाचं नाव टाका. कोणता टप्पा, कोणत्या हॉस्पिटलांत, भरती चालू आहे की संपली, कुणाला घेतात, संपर्क कोणाशी करायचा, सगळं असतं. पहिल्या टप्प्यात मुख्यतः डोस किती झेपतो हे पाहतात, त्यामुळे 'चाचणीत घेतलं' म्हणजे इलाज मिळाला असं समजू नका. चाचणीच्या नावाखाली कोणी औषधाचे किंवा खास तपासण्यांचे पैसे मागत असेल तर थांबा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च पेशंटच्या माथी मारायचा नसतो. मागणाऱ्याकडून सीटीआरआय क्रमांक आणि एथिक्स कमिटीच्या (चाचणीत पेशंटचं हित जपलं जातं का ते पाहणाऱ्या समितीच्या) मंजुरीचं पत्र घ्या, आणि ते आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कुठेही सही करू नका.