अमेरिकेत उमेदवारी कोण देते? फिरत्या मजकुरातील चार विधानांना उत्तर

अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणूक जवळ आली की मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याची भाषा थोडीफार बदलते, विधाने मात्र तीच राहतात. अमेरिकेत जनतेचे मत देखाव्यापुरते असून अध्यक्षाची निवड 538 माणसे आपल्या मर्जीने करतात. तेथील राज्यघटनेनेच दोन पक्ष ठरवून दिले आहेत. उमेदवारी आपल्यासारखीच पक्षश्रेष्ठी देतात. आणि कोणतीही कंपनी उमेदवाराला हवा तेवढा पैसा देऊ शकते. माझ्या मते या चारही विधानांच्या मुळाशी एकच चूक आहे: निर्वाचक मंडळ, पक्ष, उमेदवारी, निवडणूक आयोग हे शब्द आपण आपल्याकडच्या अर्थाने वाचतो.

पहिले विधान घ्या. ‘निर्वाचक मंडळ’ म्हटले की आपल्याला राष्ट्रपतींची निवडणूक आठवते, जिच्यात खासदार-आमदार गुप्त मतदान करतात आणि पक्षाला व्हिप काढता येत नाही. अमेरिकेत मात्र सिनेटर किंवा प्रतिनिधिगृहाचा सदस्य इलेक्टर, म्हणजे अध्यक्षासाठी मत देणाऱ्या त्या 538 जणांपैकी एक, होऊच शकत नाही, अशी घटनेतच तरतूद आहे. प्रत्येक राज्यात पक्ष आपल्या निष्ठावंतांची यादी आधी तयार ठेवतात, आणि नोव्हेंबरमध्ये मतदार उमेदवाराच्या नावापुढे खूण करतो तेव्हा तो वस्तुतः त्या यादीला मत देत असतो. 48 राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये सर्वाधिक मते मिळवणाऱ्याची संपूर्ण यादी निवडून येते; मेन आणि नेब्रास्का येथे काही इलेक्टर मतदारसंघनिहाय ठरतात. 2016 मध्ये सात इलेक्टरांची मते ठरलेल्या उमेदवाराऐवजी दुसऱ्याच नावांवर पडली हे खरे आहे, पण निकाल त्यामुळे बदलला नाही. शिवाय 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की अशा इलेक्टरला राज्य दंड करू शकते आणि त्याच्या जागी दुसरा नेमूही शकते. म्हणजे मर्जीचा प्रश्न जवळजवळ उरलेलाच नाही.

या पद्धतीतील खरा दोष वेगळा आहे, आणि फिरता मजकूर नेमका तोच सांगत नाही. 2000 मध्ये अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळाली, तरी फ्लोरिडातील 537 मतांच्या फरकाने जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांची आघाडी 28 लाखांहून मोठी होती, आणि त्या हरल्या. मताला किंमत नसते असे नाही; ती किंमत मत कोणत्या राज्यात पडले यावर ठरते. यावर टीका जरूर करावी, मी स्वतः करतो, परंतु ती 538 जणांच्या कारस्थानावर नव्हे, तर ‘जिंकणाऱ्याला सर्व काही’ या नियमावर करावी लागेल.

दोन पक्षांविषयीच्या विधानाला थोडक्यात उत्तर देता येते. अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. 1992 मध्ये अपक्ष रॉस पेरो यांना जवळपास 19 टक्के मते मिळाली आणि एकही इलेक्टर मिळाला नाही. तिसऱ्या पर्यायाला घटना अडवत नाही. त्याला अडवतो तो ‘जिंकणाऱ्याला सर्व काही’ हाच नियम, आणि मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी राज्याराज्यांनी घातलेल्या सह्यांच्या अटी.

तिसरे विधान मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटते, कारण भारतीय आणि अमेरिकी पक्षांतील सर्वांत मोठा फरक त्यात हरवून जातो. अमेरिकेत पक्षाची उमेदवारी साधारणपणे ‘प्रायमरी’ या पूर्वनिवडणुकीत ठरते आणि ती मतदार ठरवतात. पूर्वी असे नव्हते. 1968 मध्ये ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षीय उमेदवारी मिळवली. ही उमेदवारी देणाऱ्या शिकागोतील पक्ष-अधिवेशनाबाहेर रस्त्यांवर झालेल्या संघर्षानंतर पक्षाने नियम बदलले आणि 1972 पासून प्रायमरी निर्णायक झाल्या. त्यांचे सामर्थ्य पक्षनेत्यांनाही सोसावे लागते. 2014 मध्ये प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन बहुमताचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियातील स्वतःच्या मतदारसंघात एका प्राध्यापकाकडून प्रायमरी हरले. ज्याच्या हाती पक्षश्रेष्ठीपण होते त्याचेच तिकीट मतदारांनी कापले, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

याचे एक उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, स्वतःचे एक कोटी डॉलरच्या आसपास पैसे घालून तिसरे आले. 2022 मध्ये डेट्रॉइट परिसरातील मतदारसंघात नऊ उमेदवारांच्या प्रायमरीत ते सुमारे 28 टक्के मतांवर विजयी झाले, जरी शहरातील अनेक प्रस्थापित नेते दुसऱ्या उमेदवाराच्या पाठीशी होते. मिशिगनमध्ये मतदाराची पक्षवार नोंदणीच होत नाही. प्रायमरीच्या दिवशी तो कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. डेट्रॉइटचा हा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्याने ठाणेदार काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, जाणार हे नोव्हेंबरऐवजी ऑगस्टच्या प्रायमरीतच जवळजवळ ठरले होते. अपवाद आहेत. जुलै 2024 मध्ये जो बायडेन यांनी माघार घेतल्यावर कमला हॅरिस यांची उमेदवारी प्रायमरीच्या मतदारांनी नव्हे, पक्षाच्या प्रतिनिधींनी ठरवली. मजकूर हाच अपवाद नियम म्हणून पुढे करतो.

चौथे विधान पैशाचे. अध्यक्षपदाच्या किंवा काँग्रेसच्या उमेदवाराला कंपनीने थेट देणगी देण्यावर 1907 पासून बंदी आहे, आणि 2023-24 च्या चक्रात व्यक्तीला एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीसाठी 3,300 डॉलरपर्यंतच देता येत होते. मोकळीक आहे ती खर्चाला. 1976 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देणगीवरील मर्यादा ठेवली आणि खर्चावरील काढली. 2010 च्या निकालांनंतर ‘सुपर पॅक’ उभे राहिले, जे कंपन्यांकडून आणि धनिकांकडून अमर्याद पैसा घेऊन प्रचार करू शकतात, मात्र उमेदवाराला पैसा देऊ शकत नाहीत किंवा त्याच्याशी संगनमत करू शकत नाहीत. उमेदवाराच्या स्वतःच्या पैशालाही मर्यादा नाही, पण 2020 मध्ये डेमोक्रॅटिक अध्यक्षीय उमेदवारीच्या स्पर्धेत अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी 100 कोटी डॉलरच्या आसपास खर्च करूनही फक्त अमेरिकन सामोआ हा छोटा बेटांचा प्रदेश जिंकला.

देणगी आणि खर्च यांतील ही रेषा आज पातळ होत चालली आहे, याची मला मनापासून चिंता वाटते. ती राखण्याचे काम फेडरल निवडणूक आयोगाकडे आहे, आणि हा आयोग म्हणजे आपला निवडणूक आयोग नव्हे: तो मतदान घेत नाही, ते राज्ये आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) घेतात. सहा सदस्यांपैकी एका पक्षाचे तिघांहून अधिक असू शकत नाहीत आणि महत्त्वाच्या निर्णयासाठी चार मते लागतात, म्हणून तो वारंवार अडून बसतो. याच आयोगाने मार्च 2024 मध्ये घरोघरच्या प्रचारापुरता सुपर पॅक आणि उमेदवार यांना समन्वय साधण्यास वाव दिला, आणि त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याचा मोठा वापर झाला.