पाणी कुठं चढलं, कुठं उतरणार?

परवा पुनर्वसूचा तरणा पाऊस कोसळत असताना आमच्या नव्या घराच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या बरोबर वर, भिंतीला घाम फुटला. पाच मिनिटांत त्या घामाची धार झाली. गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप ह्याच भिंतीत चिणलाय, हे मला तेव्हा कळलं. तो दिसू नये म्हणून जास्तीचे पैसे मात्र मीच मोजले होते.

इंजिनिअरनं थ्रीडी चित्र दाखवलं होतं. पांढरंशुभ्र घर, निळं आभाळ, दारात आमची नसलेली लाल गाडी. "कन्सील्ड ड्रेनेज आहे सर, एलेव्हेशन क्लीन राहतं." पॅरापेटला, म्हणजे गच्चीच्या कठड्याला, एखादी तोटी काढा म्हटलं, तर भिंतीवर काळा ओघळ येतो म्हणाला. त्या चित्रात पाऊस नव्हता. खानापूरकडनं काळं आलं की दोरीवरचे कपडे काढायला धावण्यात ज्याचा जन्म गेला, त्या बेळगावातल्या अनगोळकराच्या एवढंही लक्षात येऊ नये?

मी बादली लावत होतो, तोवर शेजारचे आप्पा आले. आप्पा म्हणजे रिटायर्ड बस कंडक्टर. आले ते छत्री न मिटताच सोफ्यावर बसले.

"छत्री मिटा की आप्पा."

"आतबी पडूलाय की ओ."

मग चौकशी सुरू झाली.

"पाइप कुठनं गेलाय?"

"आतनं."

"आतनं म्हणजे कुठनं?"

"दिसू नये असाच बसवलाय."

"मग पाणी कशाला दिसूलंय?"

मी फडकं पिळलं.

"हे बघा, पाणी चढलं कुठं?"

"गच्चीवर."

"उतरणार कुठं?"

"गटारीत."

"मग मधीच हॉलात कसं उतरलं? हितं स्टॉप हाय काय?"

बायकोनं चहा आणला. तो आप्पांनी छत्रीखालीच घेतला, आणि बशी फुंकत फुंकत पन्हळ सांगायला घेतली. जुन्या कौलारू घराला पत्र्याची पन्हळ, तिच्या तोंडाशी हंडा. पन्हळ गळली की आधी गल्लीला दिसायची. शिडी लावून एक पोरगं वर चढवलं, मूठभर पाला काढला की झालं. "तुमची पन्हळ पडद्यात बसलीया," म्हणाले. राग आला, कारण खरं होतं.

प्लंबर आला. त्यानं डॉक्टरसारखा भिंतीला कान लावला आणि विचारलं, "एल्लैति पाइप?"

"पाइप कुठं हाय म्हणूलाय," आप्पांनी मला मराठीत समजावलं. जसा काही मी कालच पुण्याहून उतरलोय!

नकाशा मागितला. नकाशात पाइप नव्हता, तिथंही कन्सील्डच. इंजिनिअरचा फोन लागेना. शेवटी टिचक्या मारत मारत, तीन ठिकाणी भिंत फोडून, चौथ्या भोकात काटकोनातला एल्बो सापडला. त्यात आंब्याची पानं आणि दुधाची पिशवी. साफ करायला झाकण असलेला डोअर बेंड बाजारात मिळतो म्हणे. पण तो दिसला असता ना!

रात्री झोप लागेना म्हणून हिशेब केला. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. आमची गच्ची १,२०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. ५० मिलिमीटर पावसात साडेपाच हजार लिटर. उन्हाळ्यात एवढ्याच पाण्याच्या टँकरसाठी मी फोनवर किती गयावया केली होती! आणि ते सगळं एका चार इंची पाइपच्या भरवशावर. तो तुंबला तर दुसरी वाटच नाही, चारी बाजूंनी पॅरापेट. घर कसलं, झाकण नसलेली टाकीच ती. पुष्याचा म्हातारा पाऊस अजून यायचाय.

आता पांढऱ्या भिंतीवरनं एक करडा पीव्हीसी पाइप उघडाउघडा खाली उतरलाय, क्लॅम्प मारून. काल उघडीप पडली तसा इंजिनिअरचा फोन स्वतःहून आला.

"सर, घराचे फोटो घ्यायला येतोय. बाहेर तो पाइप दिसतोय म्हणे. तासभर काढून ठेवता येईल का?"

आप्पा कट्ट्यावर बसले होते. त्यांना सांगितलं, तर छत्री घेऊन पाइपला टेकून उभे राहिले. अजून हललेले नाहीत.