तळ्याकाठच्या गावालाही दर्याचा इतिहास असतो

सध्या गोव्यात मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: गोव्याचा सागरी इतिहास १५१० साली पोर्तुगीजांबरोबर सुरू झाला. करमळीसारखी तळ्याकाठची गावं शेतीची, त्यांचा समुद्राशी संबंध नाही. जुने कागद सगळे लिस्बनला गेले. आणि जे काही उरलं आहे ते शोधणं शास्त्रज्ञांचं काम, गावकऱ्यांचं नव्हे. चांगल्या शिकलेल्या माणसांनी हा मजकूर पुढे पाठवलेला पाहिला, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

१५१० चा मुद्दा आधी घेऊ. अकराव्या शतकात गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांनी चांदोरहून राजधानी हलवली ती जुवारी नदीकाठच्या गोपकपट्टणाला, म्हणजे आजच्या थोरल्या गोव्याच्या परिसरात. नदीमुखावरचं बंदर हाताशी असावं हेच त्यामागचं कारण. गोव्याचे कदंब स्वतःला पश्चिम समुद्राचे अधिपती म्हणवत. राजा गुहल्लदेव सोमनाथाला समुद्रमार्गे निघाला असता वाटेत डोलकाठी मोडली आणि मदुमद नावाच्या अरब व्यापाऱ्यानं त्याला मदत केली, अशी हकीकत त्या काळच्या ताम्रपटात आहे. पुढे कदंब राजा जयकेशीनं त्या व्यापाऱ्याच्या नातवाला बंदरात येणाऱ्या जहाजांकडून कर घेण्याचा अधिकार दिला. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला. त्यानं बेटाभोवतीच्या खाडीचं पाणी भरतीला खारं आणि ओहोटीला गोडं होतं, हेसुद्धा टिपून ठेवलं. जुवारी गाळानं भरत गेली आणि व्यापार मांडवीकाठच्या एल्याला, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात, सरकला. पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्क आला तेव्हा तिथे घोड्यांचा व्यापार जोरात होता आणि आदिलशहाची जहाजं बांधली जात होती. चालतं बंदर होतं म्हणूनच त्याला ते हवं होतं.

आता तळ्याचा मुद्दा. मला सर्वांत जास्त खटकतो तो हाच. तिसवाडी हे बेट आहे: उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, पश्चिमेला समुद्र. करमळीचं तळं याच बेटावर, जुन्या गोव्याच्या अगदी शेजारी. तळ्यात पावसाचं पाणी साठवायचं आणि ते वायंगण शेतीला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातपिकाला, सोडायचं. खाली खाजनांत, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल शेतांत, मात्र भरतीचं खारं पाणी बांधानं अडवायचं आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांतून ओहोटीला बाहेर जाऊ द्यायचं. गोडं आणि खारं पाणी इतक्या जवळ सांभाळायचं तर उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान भरती कधी, हे शेतकऱ्यालाही होडीच्या तांडेलाइतकंच ठाऊक असावं लागतं. त्याचा अंदाज चुकला आणि बांध फुटला, तर खारं पाणी शिरून जमीन कित्येक हंगाम पिकत नाही. बांधांची जबाबदारी गावकारीची, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या गावसंस्थेची, असे. गावकारीच्या रूढी पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशियानं १५२६ साली लिहून घेतल्या. पोर्तुगीज सत्ता येऊन जेमतेम सोळा वर्षं झाली होती, तेव्हा या रूढी त्याला आयत्याच मिळाल्या होत्या हे उघड आहे.

याच करमळीतली ब्रह्मदेवाची मूर्ती सोळाव्या शतकात, देवळं पाडली जात असताना, बेटाबाहेरच्या सत्तरी तालुक्यात नेली गेली. आज ती ब्रह्मकरमळीला पुजली जाते. बेटावरून सत्तरीला जायचं तर पाणी ओलांडणं भागच होतं. एवढी जड पाषाणमूर्ती कुठल्या ढक्क्यावरून (होड्या लागण्याच्या जागेवरून), कसल्या होडीतून गेली असेल? हा प्रश्न सागरी इतिहासाचाच आहे. कुंभारजुव्यात गणेशविसर्जनाला होड्या जोडून सांगोड काढतात, तीही याच जलमार्गांची परंपरा.

कागदांचं म्हणाल तर काही खंड लिस्बनला गेले, हे खरं आहे. पण १५९५ साली सुरू झालेलं दफ्तर पणजीच्या पुराभिलेखागारात आजही आहे. गावकारीची जुनी दफ्तरं, मोडी कागद तिथे वाचायला मिळतात. इतिहासकार पां. स. पिसुर्लेकरांनी आयुष्य घालवलं ते याच दफ्तरात. कमी आहेत ते मोडी आणि गोयकानडी ही गोव्यातली जुनी लिपी वाचणारे तरुण.

राहिला शास्त्रज्ञांचा मुद्दा. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं सुंची खडकाजवळच्या बुडालेल्या जहाजाचा अभ्यास केला. त्यात हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात सापडले. असं काम पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनीच करावं, कुणी हौसेनं वस्तू वर काढू नयेत. पण काथ्यानं फळ्या शिवून केलेल्या गोव्यातल्या होड्यांवर संशोधन झालं, ते त्या बांधणाऱ्या हातांनी सांगितलं म्हणून. लाकूड कुठलं, टाका कसा, सांध्यात काय भरायचं, हे कुठल्याही दफ्तरात नव्हतं. सांगणारी माणसं आता थकली आहेत.

त्यामुळे गावकऱ्यांचं काम आजपासूनचं आहे. वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. प्रत्येक मानशीचं, बांधाचं, ढक्क्याचं आणि बुजलेल्या पाणवाटेचं नाव विचारून ध्वनिमुद्रित करा. घरात गावकारीचे कागद असतील तर ते रद्दीत घालण्याआधी पुराभिलेखागारात दाखवा. परसात कुजत पडलेली होडी मोडायची वेळ आली, तर तोडण्यापूर्वी तिचे सर्व बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि प्रत्येक भागाचं नाव बांधणाऱ्याच्याच बोलीत लिहून घ्या.