मधमाश्या घालवण्याचे खात्रीशीर घरगुती उपाय

परवा आमच्या इमारतीच्या आवारात फांदीला लटकलेला मधमाश्यांचा थवा दहा मिनिटांत मारून झाला. खाली मेलेल्या माश्यांचा सडा, वर गॅलऱ्यांतून टाळ्या. हेच यश तुम्हालाही हवं असेल, तर पुढचं नीट वाचा.

फवारणी भर सकाळी करा, फुलं पूर्ण उमललेली असताना. सूर्य मावळल्यावर केलीत तर माश्या घरी गेलेल्या असतात, औषध फुकट जातं. मुळांतून झाडभर भिनणारं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक असेल तर उत्तमच. ते मकरंदात उतरतं, परागातही उतरतं, आणि माशी ते पोळ्यातल्या अळ्यांना घरपोच देते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्यावर त्याचा वापर बंद केला, पण त्यांना बागकामातलं काय कळतंय!

कुंडीत भरगच्च पाकळ्यांचीच फुलं लावा. त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, परागाचं नाव नको.

पाणी ठेवायचंच तर खोल बादलीत ठेवा.

आता थव्याचं. फांदीवर घोंगावणारा गोळा दिसला की आधी किंचाळा, मग दगड मारा, मग स्प्रेचा अख्खा डबा रिकामा करा. थांबू मात्र नका. थांबलात तर काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत तो थवा आपणहून निघून जातो आणि तुमचा पराक्रम राहून जातो. तिथे पोळं नाही, अंडी नाहीत, राखायला काहीच नाही. जुनी राणी आपलं घर लेकीला सोडून हजारो कामकरी माश्यांसह घटकाभर टेकलेली असते. शोधक माश्या नवी जागा बघून येतात आणि नाचून पत्ता सांगतात. पोटं मधाने भरलेली, त्यामुळे सहसा डंख मारत नाहीत. मारतात कधी? तुमचा दगड बसल्यावर! एका नांगीबरोबर सुटलेला गंध बाकीच्यांना बोलावतो, आणि मग ‘हल्ला झाला’ म्हणून बोंब ठोकायला तुम्ही मोकळे. भिंतीतलं पोळं मारलंत तर आणखी मजा. पंखांनी वारा घालायला कोणी उरत नाही, उन्हाने मेण मऊ पडतं, मध भिंतीतून पाझरतो. मुंग्या येतात, मेणकिडे येतात, मेलेल्या अळ्या कुजतात. दुसऱ्या पोळ्यातल्या माश्या तो विषारी मध लुटून नेतात आणि तेही पोळं मरतं. एका डब्यात दोन पोळी, स्वस्तच पडलं की!

आणि वर हेच लोक विचारणार, भोपळ्याला एवढी फुलं येतात, मग कोवळं फळ पिवळं पडून गळतं कशाने? खत घालू का? अहो, नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, पराग जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाही. तो नेणारी कोण होती? तिलाच मारलंत ना? मग बसा आता रोज पहाटे ब्रश घेऊन, फूल मिटायच्या आत.

कसली अक्कल आहे ही! थवा दिसला तर पोरांना आत घ्या, खिडक्या लावा, लांब राहा. जात नसेल किंवा पोळंच असेल तर मधपाळाला बोलवा, तो जिवंत उचलून नेतो. पसरट ताटलीत खडे टाका, खड्यांची डोकी वर राहतील इतकंच पाणी घाला, रोज बदला. फुलावर आलेल्या झाडावर फवारू नका. यातलं काहीच होत नसेल, तर हातातला तो डबा तरी खाली ठेवा.