फोटोच्या नादात देऊळ गेलं

"तिकडं तोफा उडायल्यात आणि तू वहिनीला घेऊन अंगकोर वाट बघायला चाललास?" नंद्यानं सुहासला असं विचारलं आणि बेळगावातल्या शहापूरचा कट्टा पेटला.

थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर जुन्या देवळांच्या वादातून लढाई पेटली, ते सगळ्यांनी वाचलेलं होतं. सुहासच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, पोरगा बेंगळुरूहून पैसे द्यायला तयार आहे, आणि वहिनींनी कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळांचंच नाव घेतलंय. अडचण एवढीच की सुहासनं आधी बँकॉकला उतरून पुढं रस्त्यानं जायचं ठरवलं होतं, आणि तो रस्ता बंद.

"रोम करून टाक," नंद्या म्हणाला. "मी केलं की! सकाळी व्हॅटिकन, दुपारी कलोसियम, रात्री हॉटेलात वरण-भात. आपण काही बघायचं नाही, गाइडच्या छत्रीमागनं चालायचं."

"कलोसियमच्या आत काय बघितलंस?" परशानं विचारलं.

"आत न्हाई गेलो बा. आमच्या टूरमध्ये बाहेरून होतं. फोटो हायत की." नंद्यानं मोबाइल काढला. प्रत्येक फोटोत त्याचा गॉगल, त्याची टोपी आणि त्याच्या डाव्या कानामागं रोमचं साम्राज्य.

परशानं मोबाइल हातात घेऊन एक फोटो मोठा केला. नंद्याला बाजूला सारून मागच्या भिंतीवर गेला. "ही भोकं बघ. सगळ्या दगडावर देवी आल्यासारखी. हे काय म्हणून सांगितलं गाइडनं?"

"जुनं झालंय. पडझड."

"पडझड कुठली? दगडाला दगड धरून ठेवायला आत लोखंडी आकडे बसवले होते. तीनशे टनांच्या आसपास लोखंड. सत्ता गेली, राखणारं कुणी उरलं नाही, मग लोकांनी दगड कोरून आकडे काढून नेले. त्या भिंतीत बांधणाऱ्याचं काम दिसतंय आणि चोरणाऱ्याचं पण. तू दोघांना पाठ करून उभारलायस."

परशा उद्यमबागेत फाउंड्रीत आयुष्यभर पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करत आला. कामानिमित्त एकदा इटलीला गेला, आणि पोरगी सिंगापूरला असल्यामुळं पुढं अंगकोर बघून आला. कुठलीही इमारत दिसली की ती कशी उभी केली असेल हे त्याला आधी दिसतं. माझं मत विचाराल तर परदेशात अवशेष बघायला जाणाऱ्यानं अशाच डोळ्यांनी जावं. लाखो रुपये भरून माणसं दोन हजार वर्षांच्या भिंतीपाशी पोचतात आणि पंधरा मिनिटांत बसमध्ये परत बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मल्लू तोवर गप्प होता. मल्लू बैलहोंगलचा, घरी कानडी, कट्ट्यावर मराठी, आणि भांडताना दोन्ही. "रोम बेडा, कंबोडिया बेडा, काही नको. हंपी बघितलंय काय तुम्ही नीट? ऐहोळे? पट्टदकल? घरचं सोडून तिकडं कशाला जाताय री?"

"तुझी सासरवाडी बदामीची," परशा म्हणाला. "इतक्या वर्षांत लेण्यांच्या पायऱ्या किती वेळा चढलास?"

मल्लू खाली बघून हसला. "सासऱ्यांचे गुडघे दुखतात."

"सासऱ्यांचे गुडघे दुखतात म्हणून जावयानं चालुक्य सोडले!"

हशा ओसरल्यावर परशानं मल्लूची बाजूही घेतली, हे मला आवडलं. तो सुहासला म्हणाला, "अंगकोरला जायच्या आधी एका रविवारी वहिनीला घेऊन हलशीला जा. खानापूर, नंदगड, पुढं हलशी. भूवराह-नरसिंहाचं देऊळ, गोव्याच्या कदंबांचं, बाराव्या शतकातलं. समोरासमोर दोन गाभारे, एकमेकांकडं तोंड करून. मग कित्तूरच्या बाजूला देगावचं कमलनारायण बघ, कमलादेवी राणीनं बांधलेलं. ते पण बाराव्या शतकातलं. त्याच शतकात तिकडं सूर्यवर्मन दुसरा विष्णूसाठीच अंगकोर वाट उभारत होता. इथले खांब आणि छत डोक्यात ठेवून गेलास तर तिथं परक्यासारखं वाटणार नाही."

"पण तिथं नवीन काय?" नंद्या.

"आकार रे! नुसता खंदकच १९० मीटर रुंद. ओलांडता ओलांडता तुझी छत्रीवाली बाई दमेल. आणि आतनं भिंती कशाच्या माहितीय? जांभ्याच्या. आपल्या खानापूरकडं घराला चिरे वापरतात तसला दगड आत, आणि वरनं कोरायला वालुकाश्म. चुना नाही, काही नाही, दगड दगडावर घासून बसवलाय. जवळ जाऊन बघितलं की दगडांवर करंगळी जाईल एवढी गोल भोकं दिसतात. त्यात खुंट्या ठोकून दगड उचलत होते. मी त्या भोकात बोट घालून बघितलं. पोरगी म्हणाली, बाबा, चला. मी म्हटलं, थांब, कामगाराला भेटतोय."

सुहासनं विचारलं, एवढ्या मोठ्या जागेत सुरुवात कुठनं करायची. पुढची पाच-दहा मिनिटं परशाच बोलला आणि कुणी मध्ये तोंड घातलं नाही. देवळाचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळं पहाटे सगळी गर्दी पश्चिमेच्या तळ्याकाठी सूर्योदयाचे फोटो घ्यायला जमते आणि ऊन चढलं की नाष्ट्याला पांगते. त्या वेळी पूर्वेच्या ओवरीत जायचं. तिथं समुद्रमंथन आहे, जवळजवळ पन्नास मीटर लांब पट्टा. एकीकडं नव्वदेक असुर, दुसरीकडं ८८ देव, मध्ये विष्णू आणि सगळ्यांच्या हातात वासुकी. सकाळचं तिरपं ऊन त्यावर पडलं की ओढणाऱ्यांच्या दंडाचे स्नायू उठून दिसतात. पश्चिमेच्या भिंतीवर कुरुक्षेत्र आणि लंकेचं युद्ध. बाणांच्या शय्येवर पडलेला भीष्म वहिनी स्वतः शोधून काढतील, गाइड लागणार नाही. मग एक सकाळ बायोनला, सातव्या जयवर्मनच्या देवळाला. तिथं प्रत्येक शिखरावर दगडी चेहरे. आणि एक दुपार ता प्रोमला. तिथं झाडांच्या मुळ्यांनी भिंती कवळून धरल्यात. झाड काढलं तर भिंत पडते, ठेवलं तर भिंत फाटते. हा तिढा सोडवत तिथं आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं कितीतरी वर्षं काम करतायत.

"तिकीट?" नंद्यानं मुद्द्याचं विचारलं.

"एका दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२. तीनचंच काढ, सुहास."

"तीन दिवस एकाच गावात? तेवढ्यात मी तीन देश केले असते!"

"केलेसच की. नावं सांग बघू तिन्ही."

नंद्याला दोनच आठवले.

मग गाडी पुन्हा तोफांवर आली. भांडण ज्यांच्यावरून पेटतं त्यांतलं मोठं देऊळ प्रेआह विहेआर. शंकराचं, दांग्रेक डोंगराच्या कड्यावरचं, अंगकोर वाटपासून १४० किलोमीटर. तिकडं जायचं नावच काढायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. अंगकोरला विमानानं क्वालालंपूरवरून किंवा सिंगापूरवरून जायचं, सीमेकडं फिरकायचं नाही आणि निघायच्या आधी सरकारी सूचना बघायच्या, हेही ठरलं. पण सीमा हा शब्द निघाला आणि बेळगावात माणसं तिथंच थांबली असं कधी झालंय?

"कंबोडियानं १९५९ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला," परशा म्हणाला. "१९६२ च्या जूनमध्ये निकाल. देऊळ कंबोडियाचं."

"तीन वर्षांत?" सुहास ओरडला. "आपला महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे!"

"तुमचा," मल्लू म्हणाला. "आमचं काही म्हणणं न्हाई. बेळगाव कर्नाटकचं, हे सीमावादावरच्या महाजन आयोगानं १९६७ लाच सांगून झालंय."

"तुमच्या आयोगाला चहा तरी पाजला होता काय रे खानापूरवाल्यांनी?"

हे भांडण शाळेपासूनचं. याच विषयावर सुहास आणि मल्लू एकदा महिनाभर बोलत नव्हते, आणि त्या महिन्यात एकमेकांच्या डब्यातलं खाणं मात्र चालू होतं. त्यामुळं कुणी मध्ये पडलं नाही. परशाच पुढं म्हणाला, "निकाल कशावर दिला ते तरी ऐका. तेव्हा कंबोडियावर फ्रेंचांचं राज्य. त्यांनी नकाशा काढला, त्यात देऊळ आपल्या बाजूला दाखवलं. सयामनं, म्हणजे आताच्या थायलंडनं, वर्षानुवर्षं हरकत घेतली नाही. कोर्ट म्हणालं, गप्प बसलात म्हणजे मान्य केलंत."

"मग आमच्यावर तो आरोप कुणी करणार नाही," सुहास म्हणाला. "आम्ही १९५६ पासून एक दिवस गप्प बसलेलो नाही."

यावर मल्लूनंच टाळी दिली.

"आणखी ऐका. १९३० साली सयामचा राजपुत्र दामरोंग ते देऊळ बघायला गेला. फ्रेंच अधिकाऱ्यानं फ्रेंच झेंडा लावून यजमान म्हणून त्याचं स्वागत केलं. राजपुत्र काही बोलला नाही. उलट परत गेल्यावर त्यानं त्या अधिकाऱ्याला फोटो पाठवले. कोर्टानं ते पण धरलं." परशानं नंद्याचा मोबाइल त्याच्या हातात परत दिला. "फोटोच्या नादात देऊळ गेलं. तू जपून."

नंद्या चिडला. "तू इटलीत काय दिवे लावलेस?"

"पॉम्पेई बघितलं. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं शहर. त्यातला तिसरा हिस्सा अजून न उकरता ठेवलाय. पुढच्या लोकांकडं जास्त चांगली साधनं असतील, त्यांना मिळू दे म्हणून. १९३८ साली तिथं आपल्याकडनं गेलेली हस्तिदंती बाई सापडली, वीतभर. पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात तिला, नेपल्सच्या म्युझियममध्ये असते. तसल्याच घडणीच्या बाया आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्यात. आणि तिकडनं आलेला ब्राँझचा पोसायडन कोल्हापुरात, ब्रह्मपुरीच्या टेकाडात निघाला. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन बघ, इथनं दोन-अडीच तास."

"बरं बरं."

"आणि तू राहतोस कुठं? वडगाव-माधवपूरला. सत्तरच्या दशकात तिथं उत्खनन झालं, सातवाहनांच्या काळातलं विटांचं गाव निघालं. तुझ्या घराचा पाया काढताना हातभर लांब विटा निघाल्या, तेव्हा मी तुला काय म्हटलं होतं?"

नंद्या गप्प.

"म्हटलं होतं, थांब, कुणाला तरी दाखवू. तू रात्रीत ट्रॅक्टर बोलावलास आणि भरून टाकलंस. वर चार विटा ठेवून घेतल्यास, गाडीच्या चाकाला लावायला!"

हा परशाचा जुना राग, आणि तो खरा आहे. त्या विटा मीही बघितल्यात. एकीच्या कडेला बोटं फिरल्याच्या खुणा स्पष्ट आहेत, चिखल ओला असतानाच्या. असल्या विटेसाठी लोक तिकीट काढून रांगेत उभे राहतात, आणि ती आमच्या वडगावात मोटारीचं चाक अडवते. ती वीट नंद्यानं म्युझियमला द्यावी असं मी त्याला तोंडावर सांगितलं, इथंही सांगतो.

"देतो की," नंद्या पुटपुटला. "पण आता मोटार सरकती, त्याचं काय?"

"दगड लाव. हंपीचा नको," मल्लू म्हणाला.

शेवटी ठरलं असं: सुहास आणि वहिनी अंगकोरला, तीन दिवसांचा पास, विमानानं. त्याआधी येत्या रविवारी सगळ्यांनी हलशी आणि देगाव. गाडी नंद्याची.

"पेट्रोल कोण घालणार?" नंद्यानं लगेच विचारलं.

कुणीच काही बोललं नाही.

"गप्प बसलात म्हणजे मान्य केलंत," नंद्या म्हणाला, आणि परशा मांडीवर हात मारत एवढा हसला की चहावाल्यानं मान वर करून बघितलं.